काकूंच्या पत्त्यावर आलेलं पत्र

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या घरामधली बाउंड्री कमरेएवढीच आहे. ती उंच करायचा विषय दर दिवाळीला निघतो. काका होते तेव्हा एकदा विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. त्या विटांवर आता काकूंच्या कोरफडीच्या कुंड्या आहेत. भिंत उंच झाली तर बोलायला चपला घालून फाटकातून जावं लागेल, आणि चपला घालून गेलं की त्याला भेट म्हणतात. भेटीला चहा लागतो. गप्पांना नळाला पाणी आलेलं पुरतं.

तिघऱ्याच्या धरणाचं पाणी सुटलं की ग्वाल्हेरच्या आमच्या पडाव भागात घरोघर टिल्लू पंप घुरघुरायला लागतात. टाकी भरून वाहू नये म्हणून बायका अंगणातच उभ्या. त्या पाऊण तासात गल्लीचं सगळं कामकाज उरकतं. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या सुनेनं गजक विकतची आणली, सगळं. मध्यंतरी एकदा मी टिल्लूचं बटण दाबलं आणि वळून बघते तर काकू बाउंड्रीपाशी आधीच हजर. हातात पाकीट.

"अगं, पत्र आलंय."

"कुणाचं?"

"माझं नाही. पत्ता माझा, नाव नातीचं. आणि लिहिणारी आठ वर्षांची."

मी टिल्लू बंद केला. इतकी मोठी बातमी त्या घुरघुरीत ऐकायची नव्हती.

काकूंची ही नात मेलबर्नला जन्मलेली. गेल्या नोव्हेंबरात तिची बारावी संपली, पुढे कॉलेज फेब्रुवारीअखेर सुरू होणार, मध्ये लांबलचक सुट्टी. तिच्या मैत्रिणी बालीला निघाल्या आणि हिनं जाहीर केलं की मी इंडियात जाणार, पुण्याकडच्या एका मिशनच्या शाळेत, गरीब मुलींना शिकवायला. शाळेचं नाव काकूंनी मला सांगितलंय, पण इथे लिहीत नाही. तिच्या आईबापांना कौतुक वाटलं. काकूंना वाटलं ते मला बाउंड्रीवरून ऐकू आलं.

"मिशन म्हणजे ख्रिश्चनांचं ना गं? बाटवाबाटवी नाही ना करायची तिला?"

आता काकूंचं माहेर नगरचं, हे मला पस्तीस वर्षांपासून माहीत आहे. मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही नगरला कुठल्या शाळेत होतात?"

काकू गप्प. मग म्हणाल्या, "होते मिशनच्याच. सातवीपर्यंत. मुलींची चांगली शाळा तीच होती तेव्हा."

"मग बाटलात?"

"मी? सकाळी त्यांची प्रार्थना म्हणायचे आणि येताना मारुतीला नारळ... म्हणजे गणिताचा पेपर असला तरच." आणि स्वतःच हसल्या.

मी आयतं निमित्त सापडल्यासारखी सुरू झाले. शाळामास्तरीण होते ना मी, रिटायर झाले तरी खोड जात नाही. म्हटलं, काकू, तुमच्या नगरात एक बाई होऊन गेल्या, सिंथिया फॅरार. अमेरिकेतल्या. लग्न न केलेली बाई मिशननं एकटी परदेशी पाठवायची ही त्या लोकांतसुद्धा तेव्हा नवलाची गोष्ट. १८२७ साली त्या मुंबईत उतरल्या, पुढे नगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं ते त्याच फॅरारबाईंच्या हाताखाली, नगरला.

"मग गेली कधी परत?"

"गेल्या कुठे! १८६२ साली नगरलाच वारल्या. पस्तीस वर्षं झाली होती येऊन."

"पस्तीस," काकू म्हणाल्या, आणि बोटं मोजल्यासारखं केलं. "आपली येतेय चार आठवड्यांसाठी."

तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं होतं.

पुढचा महिनाभर बाउंड्रीवर फक्त कागदपत्रं. मुलगा फोनवर सांगायचा, काकू मला सांगायच्या, मी समोरच्या भाभीजींना सांगायचे. नातीकडे ओसीआय कार्ड आहे. त्या कार्डावर भारतात हिंडाफिरायला, राहायला मोकळीक. पण मिशनरी काम करायचं असलं तर सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते, हे २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. मग शाळेला पत्र, शाळेचं उत्तर: धर्माचं काही नाही, इंग्रजी वाचन आणि खेळ. बरं. पुढे शाळेनं मागितला पोलिसांचा दाखला. शिवाय त्यांच्या व्हिक्टोरिया राज्यात मुलांमध्ये काम करायचं तर सरकारी पडताळणी करून कार्ड मिळतं, तेही.

"पोरं सांभाळायला पोलिसांचा दाखला?" काकू. "मी चार पोरं वाढवली, मला कोणी विचारलं नाही."

समोरून भाभीजी म्हणाल्या, "अम्माजी, अच्छा है, पूछना चाहिए." त्यांचा मुलगा वकील आहे. पॉक्सो कायदा २०१२ चा, बालन्याय कायदा २०१५ चा, हे त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या शिकवलं. मला तर भाभीजींचं पटलं. जी संस्था दाखला न मागता कुणालाही मुलांमध्ये सोडते तिथेच खरं घाबरावं.

काकूंना सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. विमानाचं तिकीट नातीचं, जेवणाराहण्याचे पैसेही तीच भरणार. "म्हणजे काम आपण करायचं आणि पैसेही आपणच द्यायचे? मग ही कसली नोकरी?"

"सेवा आहे ती, काकू."

"सेवेला कोण तिकीट काढून जातं? पंढरपूरला जातात ते."

याला मला उत्तर सुचलं नाही. खरं तर तेच उत्तर होतं.

जानेवारीत, शाळेचे चार आठवडे संपवून, नात आजीकडे आली. ग्वाल्हेरचा जानेवारी म्हणजे अकरापर्यंत समोरचा पूल धुक्यात गायब, गाड्यांचे नुसते भोंगे. बारा वाजता ऊन पडलं आणि बघते तर काकूंनी त्या उंच पोरीला बाउंड्रीला टेकून पाटावर बसवलंय आणि तिच्या केसांत बारीक फणी घालतायत.

"उवा!" काकूंनी मला बघताच घोषणा केली. "ऑस्ट्रेलियातून आली, पुण्याजवळून उवा घेऊन आली."

पोरगी लाजली नाही. उलट फणीतून निघालेली एक तिनं नखावर घेतली आणि मला दाखवली. "काकू, ही लीक आहे की ऊ?" लीख म्हणायचं होतं. मराठी तिला येतं, घरात बोलतात, पण बोलते ती अशी की प्रत्येक शब्दाला आधी हात लावून बघतेय.

तर झालं असं. ही गेली होती इंग्रजी शिकवायला. बॅगेत गोष्टींची पुस्तकं, चमकत्या चांदण्या, रंगपेट्या. तिथल्या मुख्य बाईंनी पहिल्या दिवशी तिला नेलकटर दिला. साठ मुली, म्हणजे बाराशे नखं हातापायांची. दुसऱ्या दिवशी फणी आणि खोबरेल. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयाचं कपाट, त्यातली पुस्तकं झटकून रजिस्टरमध्ये चढवायची. इंग्रजीचा तास मिळाला तो दुसऱ्या आठवड्यात, तोही पाऊण.

"मला राग आला," ती म्हणाली. "मी फोनवर रडले. बाबा म्हणाले परत ये."

मी तिच्या बाबांना लहानपणापासून ओळखते, ते असंच म्हणणार. पण त्या मुख्य बाईंना मनातल्या मनात मी शंभरापैकी शंभर दिले. पस्तीस वर्षं शाळेत काढली आहेत. बी.एड.च्या पोरी पाठ घ्यायला यायच्या तेव्हा वर्गाचा नूर महिनाभर बिघडायचा. पाहुणी बाई फळ्यापुढे उभी राहिली की मुलांना जत्रा वाटते. ती गेल्यावर रोजची बाई शिळी भाकरी वाटायला लागते. चार आठवड्यांच्या पोरीला फळा न देता फणी देणं, याला शहाणपण लागतं.

आणि फणीनंच काम केलं. एक मुलगी होती, आठेक वर्षांची, कुणाशी बोलायची नाही. डोकं मांडीवर आलं, समोर तोंड दिसेनासं झालं, की बोलायची. आईबद्दल नाही, घराबद्दल नाही. बकरीबद्दल. त्यांच्या बकरीचा एक कान फाटका होता. रोज तीच बकरी. "मला गोट-स्टोरी पाठ झाली," नात म्हणाली.

"फोटो दाखव ना तिचा," काकू.

"नाही आजी. चेहऱ्याचे फोटो काढायचे नाहीत."

मोबाईलमध्ये होतं काय, तर एका रांगेत ठेवलेल्या चपला, रजिस्टरचं पान, पाण्याच्या टाकीवर खडूनं काढलेली बकरी. काकू हिरमुसल्या. त्यांना साठ मुलींच्या मधोमध उभी असलेली नात हवी होती, फ्रेम करायला, आलंगेलं बघेल अशी. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानंच बंदी आहे, हे मी सांगितलं. पण कायदा सांगून हिरमोड जातो होय?

मग संध्याकाळी, स्वेटर घालून दोघी बाउंड्रीवर आल्या तेव्हा काकूंनीच विषय काढला. "सांग हिला शेवटच्या दिवसाचं."

शेवटच्या दिवशी ती बकरीवाली मुलगी निरोपाला आलीच नाही. संडासात कडी लावून बसली. बाकीच्या मुली नाचल्या, गायल्या, कागदी फुलं दिली. आणि त्यातल्या एकीनं अगदी सरळ विचारलं, "दीदी, पुढची दीदी कधी येणार?" मग आपल्या वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. तिथे नावं होती, एकाखाली एक, देवनागरीत लिहिलेली इंग्रजी नावं. आठ दीदी. नववं नाव हिचं, तारखेसकट. खाली बरीच जागा रिकामी.

पोरगी सांगताना रडली नाही. पण धुकं उतरायला लागलं होतं, आणि आम्ही तिघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

हा प्रकार काही त्या एका शाळेचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत २०१७ साली आधुनिक गुलामगिरीबद्दल चौकशी झाली, त्यात अनाथाश्रम बघायला, तिथे महिनाभर काम करायला जाणाऱ्या हौशी लोकांचा विषय आला होता. नेपाळ, कंबोडियात तर पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून आईबाप असलेली मुलं आणून आश्रमात भरल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. नातीची शाळा तसली मुळीच नव्हती; तिथे दाखला मागितला, फोटो काढू दिले नाहीत, फळा दिला नाही. इतकं सांभाळूनसुद्धा वहीच्या मागच्या पानावर नऊ नावं जमलीच.

काकू म्हणाल्या, "म्हणजे जायलाच नको होतं?"

मला तसं म्हणवत नाही. कारण मला पंडिता रमाबाई आठवतात. त्या उलट्या दिशेनं गेल्या. १८८३ त इंग्लंड, तिथे ख्रिस्ती झाल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. १८८६ त अमेरिका, आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या त्या समारंभाला. तिथे गावोगाव भाषणं केली, बालविधवांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि बोस्टनच्या मंडळींकडून दहा वर्षं पैसे देण्याचं वचन घेऊन आल्या. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पहिल्या काही विद्यार्थिनींत गोदूबाई, पुढे ज्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुढल्या वर्षी पुण्याला हललं.

"आणि बाटवलं ना मुलींना तिनं?" काकूंची गाडी फिरून रुळावर.

ठरलं होतं की सदनात धर्मशिक्षण नाही. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं, आणि मुली येऊन बसायच्या. उघडं दार म्हणजे आमंत्रण की नाही, यावर १८९३ साली पुण्यात रणधुमाळी झाली. 'केसरी'नं झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं. माझं मत विचाराल तर रमाबाईंनी दार लावून घ्यायला हवं होतं. आणि मुली नेणाऱ्यांनी त्यांना नेऊन दुसऱ्या शाळेत घालायला हवं होतं. पण विधवांना राहून शिकता येईल अशी दुसरी शाळा पुण्यात होती कुठे? कर्व्यांचा आश्रम निघाला १८९६ त. त्याच सुमाराला दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई आपल्या या मध्य प्रदेशात, तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या, आणि उपाशी मरणाऱ्या सुमारे ३०० मुली-बायका घेऊन गेल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन वाढलं. परदेशातून बायका मदतीला येत राहिल्या, रमाबाई १९२२ साली वारल्या त्या केडगावलाच, आणि संस्था अजून चालू आहे.

"तूही ना, कुठून कुठे," काकू म्हणाल्या. पण नातीनं विचारलं, "त्या तीनशे मुलींना कोण विंचरायचं?"

मला माहीत नव्हतं. एवढं मात्र म्हटलं की उवा तेव्हाही असणारच.

नात गेली. महिना झाला. आणि मग हे पत्र.

काकूंनी ते बाउंड्रीवर चष्मा लावून मला वाचून दाखवलं. रेघी कागद, पेन्सिल. अक्षर गोल, वेलांट्या सगळ्या पहिल्या.

रजिस्टर आता ती लिहिते. चौतीस पुस्तकं झाली. एक पुस्तक सापडत नाही, ते दीदीनं नेलंय का? उवा गेल्या, पण दुसरीला झाल्या. टाकीवरची बकरी पावसात जाईल म्हणून वहीत काढून ठेवली आहे. आणि शेवटी: तू परत येणार का ते लिही. मराठीत लिही, मला इंग्रजी वाचता येत नाही.

"आणि हिला मराठी वाचता येत नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या नातीला. अठरा वर्षांची घोडी. लिहिणारी आठ वर्षांची आणि हिला आजीनं फोनवर वाचून दाखवायचं! लाज आणली."

मी म्हटलं, शिकवा मग. वेळ काय घालवता?

तर ते सुरू झालंय. रोज दुपारी एक वाजता, म्हणजे मेलबर्नला संध्याकाळी साडेसहा, काकू बाउंड्रीजवळच्या खाटेवर मोबाईल कोरफडीच्या कुंडीला टेकवून बाराखडी घेतात. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण त्यांचा विश्वास आहे की लांबच्या देशात आवाज चढवून बोलावं लागतं. भाभीजींचा नातू गच्चीवरून सुरात सूर मिळवतो. 'ण' ला नात 'न' म्हणते, काकू तिला बाणाचा 'ण' दहादा म्हणायला लावतात. या वयात काकूंना नोकरी लागली, बिनपगारी, आणि तिकीटही काढावं लागलं नाही.

भाभीजींनी मात्र माझी पंचाईत केली. "दीदी, आप तो रिटायर हो, आप क्यों नहीं जातीं कहीं?" थाटीपूरला रामकृष्ण आश्रम आहे, ग्वाल्हेरात कुणाला सांगायला नको. पडावातून टेम्पोनं कितीसा वेळ लागतो? मेलबर्नची पोरगी समुद्र ओलांडून आली आणि मी पाच वर्षांत दोन-तीन मैल गेले नाही. मंगळवार धरलाय. महिनाभराचा नाही, दर मंगळवारचा विचार आहे, आणि फळा मागायचा नाही असं स्वतःला बजावलंय.

उत्तर कसं लिहायचं यावर आजी-नातीची जुंपली. नातीला लिहायचं होतं, "मी नक्की येईन." काकूंनी खाटेवरून ओरडून बंदी घातली. "तुला माहीत आहे का नक्की? नाही ना? मग लिही, माहीत नाही. त्या वहीत तुझ्याआधी आठ नावं आहेत, आठही जणी नक्की म्हणाल्या असतील."

दोन दिवस फोनवर अबोला. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर कागदाचा फोटो आला. पाच ओळी. चुका तीन, त्या काकूंनी सुधारू दिल्या नाहीत. पुस्तक मी नेलं नाही, कपाटाच्या मागे बघ. मी येईन का ते मला माहीत नाही. पण दर महिन्याला पत्र लिहीन. बकरीचा कान कुठला फाटका, डावा की उजवा?

मी त्याची पुलाजवळच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आणि पाकिटात घातली. काकूंनी ते बाउंड्रीवरून हातात घेतलं, उलटसुलट केलं, पत्ता तपासला.

"दर महिन्याला म्हणतेय. बघते मी."

आणि आत जाऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्यांनी लाल पेन्सिलीनं डिसेंबरपर्यंत खुणा केल्या. पहिली खूण १० मार्चवर आहे.